रिकामी प्लेट

बाईंच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. पण घरी गेल्यावर ती जीभ मधात बुडवून ठेवलेली असते, हे फक्त त्यांच्या भावजयीला माहीत होतं, आणि तिनं सांगून ते कोणाला पटलं नसतं.

बाई म्हणजे चुंबकीय पदार्थांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. भावजय त्याच प्रयोगशाळेत भट्टीवर स्फटिक वाढवायची. आधी ती बाईंची विद्यार्थिनी, मग बाईंच्या धाकट्या भावाची बायको, आणि ही बढती बाईंनी तिला कधी पचू दिली नाही. "मी हिला भट्टी पेटवायला ठेवली, हिनं माझ्याच घरात चूल मांडली," असं त्या पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायच्या. पाहुणे हसायचे. प्रयोगशाळेतली माणसंही हसायची. प्रमुख हसत असताना तोंड पाडून बसायची हौस कोणाला असते? 'भट्टीवाली' हे नावही बाईंनीच पाडलेलं. ते इतकं रुळलं की तिच्या टेबलावरचा फोन उचलून लोक बिनदिक्कत सांगायचे, "भट्टीवाली जेवायला गेलीय." प्रयोगशाळेत 'मॅडम' म्हणायचं आणि घरी 'वन्सं', असा दंडक होता. एकदा भर मीटिंगमध्ये तिच्या तोंडून 'वन्सं' निघून गेलं, तर बाईंनी चष्मा काढून म्हटलं, "स्वयंपाकघर घरी. इथे मीटिंग चाललीय."

बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि जेवायला खाली भावाकडे यायच्या. तिथे मात्र भावजयीच्या हाताची चव अशी वाखाणायच्या की नवऱ्याचा ऊर भरून यायचा. त्यामुळे "तुझी ताई मला कामावर पाण्यात पाहते," असं ती कधी बोललीच, तर तो वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचा, "अगं, तिचं बोलणंच तसं. मनात काही नसतं." मनात असेल नाही तर नसेल. जिभेवर होतं ते रोज ऐकावं लागायचं, त्याचं काय करायचं हे त्यानं कधी सांगितलं नाही.

तर स्फटिक. बाटलीच्या काचेसारखे हिरवे, आणि बोटाच्या नखाएवढे. पूड काचेच्या नळीत बंद करायची, नळीचं एक टोक भट्टीत जास्त तापवायचं, दुसरं किंचित कमी, आणि महिनोन्‌महिने हात लावायचा नाही. जरा घाई केली की नळी तडकलीच. बाईंच्या आधीच्या एकाही विद्यार्थ्याला हे स्फटिक जमले नव्हते. हिला जमले, कारण एक तर हिच्या अंगात चिकाटी होती, आणि दुसरं म्हणजे भट्टीला जीभ नव्हती. दिवसाचे सगळ्यात बरे तास ती तिथेच काढायची.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. या हिरव्या पदार्थात तांब्याचा एकेक अणू म्हणजे एकेक चिमुकला चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत गार करत नेलं की असे चुंबक शिस्तीत रांगा धरून बसतात. मग त्यांना न्यूट्रॉनचा धक्का दिला की रांगेतून लाट धावते, आणि पडद्यावर तिची स्वच्छ रेघ उमटते. पण काही पदार्थांत म्हणे हे चुंबक कितीही गार केलं तरी बसतच नाहीत, एकमेकांत गुंतून नुसते वळवळत राहतात. त्याला स्पिन लिक्विड म्हणतात. तिथे धक्का दिला की तो धक्काच फुटतो, त्याचे तुकडे चहूकडे पांगतात, आणि पडद्यावर रेघेऐवजी धुकं दिसतं. ते धुकं पाहण्यापायी माणसं आयुष्य घालवतात. पंचाईत एवढीच की रेघ उगाच उमटत नाही, धुकं मात्र कशानंही होतं. भेसळीनं होतं, कचऱ्यानं होतं. गोंदानंही होतं.

न्यूट्रॉनला नखाएवढा एक स्फटिक पुरत नाही. पुष्कळ लागतात, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून. भट्टीवाली एकेक स्फटिक एक्स-रेसमोर धरून त्याची दिशा ठरवायची आणि ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेटवर गोंदाच्या थेंबानं बसवायची. प्रयोगशाळेत त्यासाठी एक खास गोंद होता. त्यात हायड्रोजन नाही, त्यामुळे न्यूट्रॉनला तो जवळजवळ दिसतच नाही. पण हे स्फटिक अतिथंडीत त्या गोंदावरून टपाटप सुटायला लागले. तेव्हा तिनं साधा गोंद घेतला. साध्या गोंदात हायड्रोजन ठासून भरलेला, आणि हायड्रोजनवर आपटला की न्यूट्रॉन सैरावैरा उधळतो. म्हणून तिनं दुसरी एक प्लेट केली. तीच जाडी, तेवढेच थेंब, त्याच जागी, फक्त स्फटिक नाहीत. हिला रिकामी प्लेट म्हणायचं. तिचंही मोजमाप घ्यायचं आणि पहिल्यातून वजा करायचं. दुधाचं वजन करताना रिकामा कॅन झाकणासकट तोलतात ना, तसं.

गोंद बदलल्याचं तिनं मीटिंगमध्ये सांगितलंही होतं. बाई तेव्हा फोनमध्ये बघत होत्या. "गोंदाच्या गोष्टी मला सांगत बसू नकोस," त्या म्हणाल्या. "उद्या भिंतीला रंग कोणता द्यायचा तेही मीटिंगमध्ये विचारशील." सगळे हसले आणि पुढचा विषय निघाला.

मग दोघी अणुभट्टीवर गेल्या. तिथल्या हॉलमध्ये न्यूट्रॉनचा झोत मिळतो, आणि तो मिळायला आधी कितीतरी महिने ताटकळावं लागतं. बरोबर गणिती होता. गणिती म्हणजे बाईंचा लाडका. पडद्यावर काहीही दिसो, त्याचं समीकरण याच्या खिशात तयार. भट्टीवालीनं रिकामी प्लेट डब्यातून काढून टेबलावर ठेवली, आणि बाईंची नजर तिच्यावर पडली.

"हे काय?"

"रिकामी प्लेट, मॅडम."

"रिकामी?" बाईंनी ती दिव्यासमोर धरली. वाळलेले थेंब चमकले. "हे डाग कसले? घरी ताटं अशीच घासतेस का? मी जेवते बाई त्या ताटात."

गणिती हसला.

"मॅडम, तो गोंद मुद्दाम..."

"मुद्दाम घाण ठेवलीस?" बाईंनी हातमोजे चढवले, कापडावर ॲसिटोन ओतलं आणि प्लेट खसाखसा पुसायला घेतली. "रिकामी म्हणजे रिकामी. हे एवढंसं सोळा वर्षं शिकून कळत नसेल तर भट्टीच बरी." पुन्हा दिव्यासमोर धरून त्यांनी ती आरशासारखी झाल्याची खात्री केली आणि गणितीच्या हातात दिली. "लाव."

भट्टीवालीचे कान तापले. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. 'रिकाम्या प्लेटलाही गोंद लावायचा असतो, कारण आपण गोंद बदललाय.' एवढंच. झोत सुरू व्हायच्या आधी कुलपं लावायची, दिवे तपासायचे, सगळ्यांनी बाहेर यायचं, यात बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात ते वाक्य दहादा बोलून झालं असतं. ती बोलली नाही. धुतलीस ना, मग भोग, असं तिच्या मनात आलं, आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच बरं वाटलं.

तिचा हिशेब सरळ होता. चार दिवसांनी बाई आकडे जुळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतील, सगळ्यांसमोर विचारतील, आणि ती सगळ्यांसमोर सांगेल. पण आकडे चुकले ते भलत्याच बाजूला. पडद्यावर धुकं आलं. दाट, एकसारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी भावजयीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "बघितलंस? स्वच्छ प्लेटचा परिणाम."

आता काय बोलणार? ती मूग गिळून बसली.

धुकं खरं असेल तर पदार्थ तापवल्यावर ते विरायला हवं. हे विरेना. गोंदाला थंडी काय आणि ऊब काय. गणितीनं रातोरात समीकरण काढलं: इतकं मजबूत स्पिन लिक्विड आजवर कोणाला मिळालंच नव्हतं, म्हणून विरत नाही. पेपर छापून आला. नावांच्या रांगेत भट्टीवाली मधेच कुठेतरी, फोटोत कडेला उभं केलेल्या पाहुण्यासारखी. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण तिला पक्कं ठाऊक होतं की ते धुकं तिच्या स्फटिकांचं नाहीच, सगळं गोंदाचं आहे. किती गोंदाचं आणि किती स्फटिकांचं, हे तिनं मोजलं नव्हतं. झोताशिवाय ते मोजता येत नाही. पण माणसाला एखादी गोष्ट खरी असावी असं फार वाटलं की मोजायची गरज वाटत नाही. हे बाईंना लागू होतं आणि तिलाही.

पुढची दोन वर्षं बाई चढतच गेल्या. आज या परिषदेला, उद्या त्या परिषदेला. व्यासपीठावर मोठ्या पडद्यावर धुकं, आणि त्यासमोर बाई. भट्टीवाली मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. घरी जेवताना त्या नवे किस्से सांगायच्या, आणि ही विचारायची, "वन्सं, आणखी वाढू?" वाढताना तिच्या मनात यायचं, चढा, अजून चढा, पडल्यावर आवाज मोठा येईल. पूर्वी बाईंचे टोमणे घरी आणून ती उशीत तोंड खुपसून रडायची. आता टोमणे अंगाला चिकटेनासे झाले. कोणी पाठीमागून ढकलत असलं आणि खड्डा कुठे आहे ते आपल्यालाच माहीत असलं, की ढकलणाऱ्याची कीव येते.

"बघ, तुझं नि ताईचं किती जमायला लागलंय," नवरा म्हणायचा. तो भाबडा होता, वाईट नव्हता.

तरी तिचाही जीव एका गोष्टीत अडकलेला होता. संस्थेत एक कायमची जागा निघणार होती. वर्षानुवर्षं ती कंत्राटावर होती, आणि कंत्राट संपलं की भट्टीही जाणार होती. बाईंनी तोंड भरून सांगितलं होतं, "स्फटिक तुझे, जागा तुझी." या एका वाक्यासाठी ती गप्प राहिली असती, आयुष्यभर राहिली असती, आणि बाईंचा खड्डा बुजवूनही टाकला असता. जागा मिळाली तर नवीन स्फटिक वाढवायचे, नवा पदार्थ घ्यायचा, त्या धुक्याचा विषय हळूहळू मागे पडू द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

मुलाखतीला समितीत बाईही होत्या. बाहेरच्या दोघांनी बरं विचारलं. मग बाई पुढे झुकल्या. "स्फटिक वाढवलेस, छान केलंस. पण धुकं आम्ही पाहिलं, समीकरण गणितीनं मांडलं. तुझं स्वतःचं असं त्यात काय, ते सांग."

जे एकच तिच्याजवळ स्वतःचं होतं ते त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं. ती भट्टीच्या तापमानाबद्दल काहीतरी पुटपुटली.

"भट्टीला कायमची जागा कशाला लागते?" बाई समितीकडे बघून हसल्या. "थर्मोस्टॅट पुरतो."

जागा गणितीला मिळाली. त्या दिवशीही बाई खाली जेवायला आल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस हं," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्यानं कौतुकानं बहिणीकडे पाहिलं. ही वाढत होती. तिनं वन्संच्या ताटात आणखी एक डाव आमटी ओतली.

थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा झोत मिळाला. आता स्फटिक मोठे होते. बाईंना तेच धुकं अधिक ठसठशीत करून हवं होतं, कारण लवकरच एक मोठा पुरस्कार जाहीर व्हायचा होता आणि निवडणारे विचारणा करत होते. भट्टीवालीनं दोन प्लेटी नेल्या. एकीवर स्फटिक. दुसरीवर नुसता गोंद, थेंबाला थेंब जुळवून. दोन्ही बंद डब्यांत. आणि झोतासमोर तिनं आधी लावली ती दुसरी.

दुपार होती. मोजणीच्या खोलीत बाई खुर्चीत, गणिती उभा, ती दाराशी. पडद्यावर धुकं भरत गेलं.

"आलं," बाई म्हणाल्या. "तेच. हुबेहूब तेच."

नीट पाहिलं असतं तर स्फटिक समोर असल्यावर जे टोकदार ठिपके दिसतात ते कुठेच नाहीत, हे नव्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. पण त्यांनी धुक्याचीच खिडकी उघडली होती, आणि दुसरीकडे बघायला त्यांना सवड नव्हती. गणिती बोट फिरवून सांगू लागला, इथे किंचित दाट दिसतं ते का, तिथे विरळ दिसतं ते का. तिनं त्याला मनसोक्त बोलू दिलं. त्याचं समीकरण खिशातून पुरतं बाहेर येईपर्यंत ती थांबली.

मग म्हणाली, "मॅडम, आत स्फटिक नाहीत. ही रिकामी प्लेट आहे. नुसता गोंद."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. जीभ कशीही असो, डोकं तल्लख होतं.

"तू जा," त्या गणितीला म्हणाल्या. तो गेला. "कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही प्लेट धुतलीत तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

"बोलू दिलंत का?"

याच क्षणाची तिनं दोन वर्षं वाट पाहिली होती. बाईंचा चेहरा उतरलेला, हनुवटी हललेली, एकाएकी म्हातारी दिसणारी बाई. ती डोळे भरून बघत होती. तिला फार गोड वाटेल असं वाटलं होतं, आणि वाटलंही, पण पाण्याच्या पहिल्या घोटाएवढंच.

"आता स्फटिक लाव," बाई म्हणाल्या.

झोताचे उरलेले दिवस दोघी एका खोलीत बसून होत्या, कामापुरतं बोलत. शेवटी तिनं गोंद वजा केला. धुकं बघता बघता उतरलं. दाट होतं ते विरळ झालं, विरळ होतं ते नाहीसं झालं. ती वाट पाहत होती पडदा कोरा होण्याची, किंवा मागून एखादी साधी रेघ निघण्याची.

पडदा कोरा झाला नाही. तळाशी अगदी पातळ काहीतरी उरलं. सहा पाकळ्या, मधे पोकळ, कडा विरलेल्या. गोंदाला आकार नसतो. गोंद पाकळ्या काढत नाही. तिनं तापवून पुन्हा मोजलं, तर पाकळ्या विरल्या. गार केलं, परत उमलल्या. खरं धुकं जसं वागायला हवं, तसंच.

"वन्सं," ती म्हणाली. आपण काय म्हणालो याचं तिला भान नव्हतं. "वन्सं, हे खरं आहे."

बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि पाकळीच्या कडेवरून हळूच फिरवलं. इतक्या हळुवारपणे त्यांनी आयुष्यात कोणाला हात लावला नसेल. थोडा वेळ दोघी तशाच बसल्या, शेजारी शेजारी, एकाच गोष्टीकडे बघत.

"सुरुवातीपासून होतं हे," बाई म्हणाल्या. "तुझ्याच स्फटिकांत. त्या दिवशी तोंड उघडलं असतंस, मी चार शिव्या दिल्या असत्या आणि प्लेट बदलली असती. दोन वर्षांपूर्वी हे दिसलं असतं, आणि ही जागा तुला नाकारायची माझी टाप नसती झाली."

ती खुर्ची सरकवून त्यांच्याकडे वळली.

"मग आता आपण..."

"आता बघू," बाई म्हणाल्या आणि पडदा बंद केला.

बाईंनी पाहिलं ते असं. परत येताच त्यांनी पेपर मागे घेतल्याचं स्वतःहून जाहीर केलं. पुरस्काराच्या यादीतून आपलं नाव काढायला सांगितलं. जाहीर केलेल्या मजकुराखाली एक ओळ: प्रयोगशाळेत गोंद बदलल्याची बाब स्फटिकांच्या विभागाकडून वेळेवर कळवली गेली नाही, तरी प्रमुख म्हणून जबाबदारी माझी. त्या विभागात एकच माणूस होतं, आणि ते कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी बाईंना डोक्यावर घेतलं. केवढा मोठेपणा, म्हणाले. आपली चूक नसताना एवढं सोसायचं म्हणजे खायचं काम नाही. पुरस्कार हुकला, पण मान आधी होता त्याच्या दुप्पट झाला.

"मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं गोंदाचं," ती एकेकाला गाठून सांगत सुटली. कोणालाच आठवेना. विनोद तेवढा आठवत होता, भिंतीच्या रंगाचा. "आणि प्लेट त्यांनी धुतली," असं म्हटलं की समोरचा विचारायचा, धुताना बघत होतीस, तर दोन वर्षं काय करत होतीस?

घरी नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. बाई त्याला आधीच सांगून गेल्या होत्या, आणि तक्रार म्हणून नव्हे. "मी हिचं काय वाईट केलं होतं रे?" एवढंच विचारलं होतं म्हणे.

"सगळ्यांसमोर मला ताटं घासणारी म्हणाली ती," ती म्हणाली. "प्लेट तिनं धुतली."

"धुतली. पण तिला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." तो आवाज न चढवता बोलत होता, तेच वाईट होतं. "दोन वर्षं ती खड्ड्याकडे चालत होती आणि तू रोज तिला विचारत होतीस, आणखी वाढू का. मी इथेच बसलेला असायचो. मला वाटायचं, किती जमतंय यांचं."

त्यानंतर तो तिच्या हातचं जेवायचा, पण पहिला घास घेण्याआधी क्षणभर थांबायचा. तो थांबतो हे त्यालाही कळत नसावं. तिला रोज दिसायचं.

राहता राहिल्या त्या सहा पाकळ्या. "त्या तरी छापू या," ती बाईंच्या खोलीत जाऊन म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं विनवणी केली. बाईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि अगदी शहाण्या माणसासारखं समजावलं. "आपल्या तोंडून हे आता कोण खरं मानेल? बाहेरच्या प्रयोगशाळेतल्यांनी मोजलं तरच ते टिकेल. मी त्यांना सगळे स्फटिक पाठवतेय. भट्टीची कृतीही." यात चुकीचं काय म्हणून दाखवायचं? एकही शब्द चुकीचा नव्हता. "स्फटिक संस्थेचे आहेत ना गं. गोंद काढून, स्वच्छ करून दे. ते तुला छान जमेल."

तिनं एकेक स्फटिक ॲसिटोनमध्ये सोडवून घेतला, मऊ कापडावर वाळवला आणि डब्यांत भरला. तिचं कंत्राट संपायला थोडेच दिवस उरले होते. भट्टी तिनं स्वतःच्या हातानं बंद केली.

स्फटिक पोचले, आणि बाहेरच्यांचा फोन आला. बाईंनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावून तो स्पीकरवर लावला. गणिती होता, नवे विद्यार्थी होते, दाराशी उभी असलेली भट्टीवाली होती. पलीकडचा माणूस फार आदरानं बोलत होता. स्फटिक अप्रतिम आहेत, म्हणाला, असे कधी पाहिले नव्हते. फक्त एक बारीकशी शंका होती. आम्हीही साधाच गोंद वापरतोय, तर रिकाम्या प्लेटलाही तो लावायचा ना?

"आमच्याकडे त्यातल्या तज्ज्ञ आहेत," बाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "सांग गं त्यांना."

सगळी डोकी वळली.

"लावायचा," ती म्हणाली.

"त्यांना ऐकू गेलं नसेल. पुढे ये, नीट पूर्ण वाक्य सांग. आणि का लावायचा तेही."

ती टेबलापाशी गेली, फोनवर वाकली. "रिकाम्या प्लेटलाही गोंद लावायचा असतो," ती म्हणाली, "कारण आपण गोंद बदललाय."

"धन्यवाद," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि त्यानं ते लिहून घेतलं.

"बघ," बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "येतं की तुला बोलता." मग त्यांनी पुढचा विषय काढला.